देवनागरीत कॉर्ड कशी टंकावी? लेखनपद्धत ठरवायला मदत हवी

स्वरपट्टी (धागाकर्ती), शनिवार रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा नऊ जणांचा भावगीतं-भक्तिगीतं गाणारा गट आहे. दर शनिवारी आमच्याकडे बैठक असते. पेटी, तबला, एक गिटार, एक कीबोर्ड आणि बाकी गळे. सगळ्यांना एकच कागद वाचता यावा म्हणून मी ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिते आहे. गाण्याचे शब्द टंकायचे, मध्येमध्ये कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार स्वर) टंकायच्या, आणि छापताना कॉर्ड शब्दांच्या वर नीट बसाव्यात, एवढंच त्याचं काम. गाणारी व्यक्ती बदलली की पट्टीही (सा ची उंची) एका टिचकीत बदलता यायला हवी.

शब्दांमध्ये चौकटी कंसात कॉर्ड लिहायची पद्धत कॉर्डप्रो हे शब्द-कॉर्ड छापायचं सॉफ्टवेअर १९९० च्या दशकापासून वापरतं. ती मला आवडते, कारण कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. अडचण कंसाच्या आतल्या मजकुराची आहे. आमच्यातल्या चौघांना रोमन कॉर्ड वाचायची सवय नाही, म्हणून मी त्या सरळ देवनागरीत लिहिल्या: सी, ए एम, जी ७. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात त्याचा फटका बसला. एका अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर मी 'सी एम ७' लिहिलं होतं. रोमनमध्ये मोठा एम म्हणजे मेजर आणि छोटा एम म्हणजे मायनर, पण आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर नसतंच. कीबोर्डवर सा ग प नि वाजलं आणि गिटारवर सा ग॒ प नि॒ (खालची रेघ म्हणजे कोमल). दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद एकदम. गाणारी ताई त्या ओळीवर थांबली. चूक तिची नव्हती, माझ्या कागदाची होती.

म्हणून आता स्वरांवरून लिहायचा विचार आहे. वर एकदाच थाट (गाण्यातले सात स्वर कोणते ते सांगणारा साचा) लिहायचा आणि कंसात फक्त मूळ स्वर. थाट बिलावल असेल तर [सा] म्हणजे सा ग प आणि [ध] म्हणजे ध सा ग, म्हणजे आपोआप मायनर. थाट काफी लिहिला की [सा] म्हणजे सा ग॒ प. मायनरसाठी वेगळी खूण लागतच नाही. कसं वाटतं?

---

कोपरा_तीन, रात्री ११.०५

विषय आवडला. वाचतोय.

---

कापो_तिसरा, रात्री ११.३२

ताई, थाटाची कल्पना ऐकायला सुरेख आहे. पण मी गिटार वाजवतो आणि मला ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, अख्खं गाणं नाही. 'दुसऱ्या कडव्याची ही ओळ बघ' म्हणून कुणीतरी दोन ओळी पाठवतं. त्यात वरचा थाट येत नाही. मग [सा] बघून मी काय वाजवायचं?

शिवाय मायनर सुरावटीच्या किती गाण्यांत पंचमावरची कॉर्ड मेजर असते! आसावरीच्या स्वरांत प ची कॉर्ड प नि॒ रे, पण ओळ संपवताना सगळे प नि रे धरतात. शुद्ध निषादाची ओढ लागल्याशिवाय सा वर परतल्याचं समाधानच नाही. म्हणजे अपवाद लिहायला खूण लागणारच. आणि खूण लागणारच असेल तर ती प्रत्येक कॉर्डमध्येच असू द्या ना.

---

जोडाक्षर, रविवार सकाळी ८.१५

कापो_तिसरा यांच्याशी पूर्ण सहमत. या प्रश्नावर बराच विचार आधीच झालेला आहे, तो इथे मांडतो.

२००५ साली लंडनला इस्मिर या संगीत-माहिती संशोधनाच्या परिषदेत क्रिस्टोफर हार्ट आणि सहकाऱ्यांनी कॉर्ड मजकुरात कशा लिहाव्यात यावर एक निबंध मांडला. गाण्यांच्या कॉर्ड संगणकाला वाचता याव्यात म्हणून त्यांनी एक पद्धत आखली आणि बीटल्सच्या गाण्यांवर ती वापरली. त्यांचा आग्रह असा होता की कॉर्डचं नाव वाचताना आजूबाजूचं काही माहीत असण्याची गरज पडू नये. आधी मूळ स्वर, मग कोलन, मग प्रकार किंवा कंसात सगळे अंश (मुळापासून मोजलेले स्वरांचे क्रमांक), आणि शेवटी तिरकी रेघ देऊन खर्जातला स्वर. कॉर्ड नसेल त्या जागीही रिकामं सोडायचं नाही, त्यासाठी वेगळं अक्षर आहे.

लिलीपाँड या स्वरलेखन छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हाच सांगाडा आहे. हान-वेन निन्हाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच मंडळींनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. त्यात सी, त्याला चिकटून लांबीचा आकडा, मग कोलन, मग एम७ असं लिहितात. कोलनमुळे आकड्यांचा गोंधळ होत नाही: आधीचा आकडा मात्रांचा, नंतरचा सप्तमाचा.

पण ताई, कोलन देवनागरीत आणू नका. आपल्याकडे 'दुःख' लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी कोलन टंकतात, आणि कोलनच्या जागी विसर्ग टंकणारेही कमी नाहीत. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. 'साः' लिहिलं की पार्सर (मजकूर वाचून अर्थ लावणारा प्रोग्रॅमचा भाग) अडेल आणि टंकणाऱ्याला आपली चूक डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाही.

---

पेटीतला_खर्ज, रविवार सकाळी ९.५०

मी गेली चाळीस वर्षं साथीला पेटी वाजवतो. कॉर्ड हा शब्द आमच्या वह्यांत नव्हता, पण तीन पट्ट्या एकदम दाबायची सवय होती. वहीत शब्दाच्या वर पेन्सिलीने बारीक 'ध सा ग' असं लिहून ठेवायचो आणि पानाच्या कोपऱ्यात 'काळी ४', म्हणजे चौथी काळी पट्टी सा. पट्टी बदलली की फक्त कोपरा बदलायचा. वरचे स्वर तसेच.

स्वरपट्टी, तुम्ही कॉर्डला नाव द्यायला निघालात, म्हणून अडलात. आम्ही नाव देत नव्हतो. काय दाबायचं तेच लिहीत होतो.

दुसरं, भातखंडे स्वरलेखन पद्धतीतल्या खुणांना हात लावताना जपा. आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवणं. उभा दंड म्हणजे विभाग. गोल कंसातला स्वर म्हणजे खटका: (प) लिहिलं की आम्ही ध प म प वाजवतो. या खुणांना कॉर्डसाठी दुसरा अर्थ दिलात तर आमच्यासारखे चुकणारच.

---

स्वरपट्टी, रविवार सकाळी १०.२०

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'नाव देत नव्हतो, काय दाबायचं तेच लिहीत होतो.' सगळं इथेच फिरतं आहे.

मायनरसाठी जॅझवाल्यांची आडवी रेघ घ्यावी असं मनात होतं. ते आता रद्द. थोडा वेळ द्या, नव्याने मांडते.

---

मांडवीकाठ, रविवार दुपारी १.१०

गोव्यातून लिहितेय. आमच्या आजोबांचं संगीत चर्चच्या पॅरिश शाळेत सुरू झालं. तिथे मुलांना सोलफा आणि स्टाफ नोटेशन शिकवत. तिथून तयार झालेले कितीतरी गोवेकर पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक आणि अरेंजर झाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली गाजलेली नावं.

आजोबांच्या तोंडी दो, रे, मी असायचं, पण त्यांचा दो पियानोवरचा ठरलेला दो. गाणं कुठल्याही पट्टीत असलं तरी तो हलत नसे. तुमचा सा मात्र गायकाबरोबर फिरतो. नावं सारखी वाटतात म्हणून हे सांगते आहे. ठरलेली उंची आणि फिरता सा, दोन्ही लिहायची सोय ठेवा, आणि दोन्हींची चिन्हं एकमेकांत मिसळू देऊ नका. आमच्याकडे ट्रम्पेट वाजवणाऱ्याला 'प ची कॉर्ड' म्हटलं तर तो विचारणार, कुठल्या पट्टीतला प?

---

ऱ्हाईनकाठ, रविवार संध्याकाळी ६.४५

मांडवीकाठ यांना +१. मी जर्मनीत असतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा साथीला जर्मन पियानिस्ट होते. मी भारतातून आणलेल्या कागदावर 'बी' होतं. इथे पांढरी सातला 'एच' म्हणतात, आणि नुसतं 'बी' म्हणजे काळी पाच. पहिल्याच ओळीत पियानो अर्ध्या सुराने खाली. त्यांनी त्यांच्या शिक्षणाप्रमाणे अगदी बरोबर वाजवलं होतं.

लिलीपाँडमध्ये स्वरांच्या नावांची भाषा निवडता येते, ती याच कारणाने. मूळ नावं डच आहेत, तीव्रसाठी 'इस' आणि कोमलसाठी 'एस' जोडतात. फाइलच्या वर जर्मन लिहिलं की 'एच' चालतो.

---

स्वरपट्टी, सोमवार रात्री ९.३०

नवा मसुदा. थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

कॉर्ड म्हणजे तिचे स्वर. पहिला स्वर मूळ, पुढचे त्याला जोडून. सगळे स्वर गाण्याच्या सा वरून मोजायचे, कॉर्डच्या मुळावरून नाही. पाचवा स्वर लिहायची गरज नाही, तो धरलेला असतो. म्हणजे

[साग] = सा ग प, मेजर
[साग॒] = सा ग॒ प, मायनर
[धसा] = ध सा ग
[पनि] = प नि रे
[पनिम] = प नि रे म, म्हणजे इंग्रजीतली नुसती 'सात' वाली
[सागनि] = सा ग प नि, मेजर सात

दिवाळीची चूक या पद्धतीत होऊच शकत नाही. [सागनि] आणि [साग॒नि॒] यांत कुणाचा गोंधळ होईल? 'म' या अक्षराचाही प्रश्न सुटला. आधी तो मेजर, मायनर आणि मध्यम या तिघांचा होता, आता फक्त मध्यमाचा आहे.

तिसरा स्वर लिहिलाच नाही आणि त्याजागी रे किंवा म आला, तर ती लटकती कॉर्ड, म्हणजे सस: [सारे], [साम]. [साप] म्हणजे फक्त दोन स्वर, गिटारवाल्यांची पॉवर कॉर्ड. खर्जात वेगळा स्वर हवा असेल तर तिरकी रेघ: [साग/प].

सगळ्यात आनंद मला या जोडीने दिला. सा ग प ध हे चार स्वर एकदम दाबले तर ती सा ची सहावी की ध ची मायनर सात? हात तेच, नाव मात्र वेगळं. इथे मूळ स्वर आधी लिहायचा असल्याने [सागध] आणि [धसाप] आपोआप वेगळे राहतात, आणि बेस वाजवणाऱ्याला कळतं की त्याने काय धरायचं.

पट्टी वर एकदा: 'पट्टी काळी ४'. कोलन नको, नुसती मोकळी जागा. गिटारवाल्याला रोमन नावं हवी असतील तर ती पट्टीवरून काढून प्रोग्रॅम छापून देईल.

---

कापो_तिसरा, सोमवार रात्री १०.०५

[पनिम] वर अडलो. मला सवय अशी की सातवा स्वर मुळापासून मोजायचा. मग पंचमाला 'कोमल नि' जोडायला हवा ना? तुम्ही म लिहिला.

---

पेटीतला_खर्ज, सोमवार रात्री १०.३०

तसं केलं तर कागदावर नि॒ दिसेल आणि माझं बोट नि॒ वर जाईल. वाजवायचा तर म आहे. ताईंचंच बरोबर आहे. कागदावर जे दिसतं त्यावरच बोट पडलं पाहिजे.

---

कापो_तिसरा, सोमवार रात्री १०.४१

पटलं काका. मला हवी ती नावं मी छापताना घेईन.

---

जोडाक्षर, मंगळवार सकाळी ७.४०

मसुदा उत्तम आहे. तीन सूचना.

एक. गृहीत पाचव्याचा नियम पक्का लिहा. [निरेम] मध्ये म हा नि पासून सहा अर्धस्वरांवर आहे, म्हणजे तो स्वतःच पाचव्याच्या जागी बसलाय. तिथे शुद्ध पाचवा धरायचा नाही. [सागध॒] चंही तेच. आणि कुणाला प आणि ध॒ दोन्ही हवे असतील तर त्याने प स्पष्ट लिहावा. लिलीपाँडमध्ये नुसतं 'तेरा' लिहिलं की अकरावा स्वर आपोआप गाळला जातो, कारण तो तेराव्याबरोबर खटकतो. मागून घेतला तरच येतो. नियम समंजस आहे, पण माहीत नसलेला माणूस स्वर कुठे गेला म्हणून शोधत बसतो. तुमच्या पडद्यावर कॉर्ड टंकल्याबरोबर बाजूला पूर्ण स्वर दाखवा. [पनि] टंकलं की फिकट अक्षरांत 'प नि रे'.

दोन. टंकलेलं, साठवलेलं आणि छापलेलं या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोमलाची रेघ (अनुदात्त) आणि तीव्र मध्यमाची उभी रेघ (उदात्त) युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाण अक्षरसंचात, आहेत, म्हणून ग॒ आणि म॑ लिहिता येतात. पण फोनच्या कळफलकावर ती चिन्हं शोधताना लोक कंटाळतील. टंकताना 'ग_' आणि 'म^' चालू द्या, साठवताना खरं चिन्ह घाला. थाटाची तुमची पहिली कल्पनाही इथे उपयोगी पडेल: नुसतं [ध] टंकलं तर थाटावरून [धसा] सुचवा, माणसाने होकार दिला की फाइलमध्ये पूर्ण [धसा] जाऊ दे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ गेली तरी अर्थ सोबत जाईल.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कंस कुठे पडतो ते बघा. 'चांदण्यात' मध्ये 'ण्या' वर कॉर्ड हवी तर 'चांद[पनि]ण्यात' असंच यायला हवं. कर्सर चुकून ण् आणि या च्या मध्ये गेला तर 'ण्' चा पाय मोडतो आणि पुढचा 'या' सुटा पडतो. काना-वेलांटीच्या आधी कंस आला तर ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम कुठल्याही दोन चिन्हांमध्ये कॉर्ड घालू देतात, कारण तिथे त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे कॉर्ड अक्षराला चिकटली पाहिजे. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला आहे. त्याआधीचे नियम 'क्ष' चे दोन तुकडे करत, म्हणून ब्राउझर जुना असेल तर हलन्ताची तपासणी स्वतः लिहा.

---

मांडवीकाठ, मंगळवार दुपारी १२.२०

शेवटचा स्वर लांबतो आणि त्याच आकारात दोन कॉर्ड बदलतात, तेव्हा काय करायचं? तिथे धरायला अक्षरच नाही.

---

पेटीतला_खर्ज, मंगळवार दुपारी २.००

अवग्रह आहे की. स्वरलिपीत शब्द लांबला की आम्ही ऽ लिहितो. 'सरी [मध]ऽ [पनि]ऽ'.

---

जोडाक्षर, मंगळवार दुपारी २.१५

वा काका! अवग्रह हे स्वतंत्र अक्षर आहे, कंसाला धरायला पक्की जागा.

---

स्वरपट्टी, शनिवार रात्री ११.२०

आज बैठकीत पहिल्यांदा वापरलं. दादऱ्यातलं आमच्याच गटातल्या एकीचं गाणं. ओळ अशी टंकली:

[साग]दारी [मध]पाऊस [पनिम]थांब[साग]ला

पेटीवाल्या दादांनी कागद हातात घेतला आणि काहीही न विचारता वाजवायला लागले. गिटारवाल्याने त्याच ओळीचा रोमन कागद घेतला. ताईला पट्टी एक सूर खाली हवी होती, काळी ५ ची काळी ४ केली. त्याचा कागद बदलला, दादांचा तसाच राहिला.

एक दोष सापडला, तो इथे लिहून ठेवते. काहीजण कंसात मंद्राचे-तारेचे बिंदूही टंकत होते. कॉर्डला सप्तकाची गरज नाही, म्हणून मी खालचा बिंदू, म्हणजे नुक्ता, काढून टाकायची ओळ लिहिली होती. ती ओळ अख्ख्या गाण्यावर चालली. छापून आलं तेव्हा 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' झालं होतं, य च्या डोक्यावर रफार. आपला ऱ युनिकोडमध्ये र आणि नुक्त्याचाच बनतो, हे मला माहीत नव्हतं. 'वाऱ्यावर' चीही तीच गत. आता नुक्ता फक्त कंसाच्या आत काढते, बाहेरच्या शब्दांना हातच लावत नाही.

---

जोडाक्षर, शनिवार रात्री ११.४८

बरोबर जागी पकडलंत. वरच्या बिंदूलाही तेच लावा. तार सा लोक 'सां' असा अनुस्वारानेच टंकतात. कंसात तो सप्तकाचा बिंदू, शब्दात अनुस्वार.

---

पेटीतला_खर्ज, रविवार सकाळी ६.३०

वरच्या बिंदूबद्दल एक लक्षात ठेवा. पलुस्कर पद्धतीत वरचा बिंदू मंद्राचा असतो आणि तारेला उभी रेघ. माझ्या जुन्या वह्या त्या पद्धतीच्या आहेत. कंसातला बिंदू तुम्ही काढूनच टाकता, म्हणून कॉर्डचं काही बिघडणार नाही. पण पुढे स्वरांची ओळ घ्याल तेव्हा वर 'भातखंडे' की 'पलुस्कर' हे लिहायला लावा.

आज दुपारी पहिली वही उतरवायला घेतोय. कंस कुठल्या कळीवर आहे तेवढं सांगा.